पोटावरचं भेटकलम

रखमीकाकीचा उजवा अंगठा चार वर्षं बंद होता. बंद म्हणजे दुकान बंद असतं तसा. आत माल सगळा शाबूत, हाड जागेवर, नख जागेवर, फक्त शटर खाली ओढलेलं.

भातगिरणीच्या पट्ट्यानं तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची मधली कातडी ओरबाडून नेली होती. जखम भरली, पण भरता भरता आकसत गेली, आणि अंगठा बोटाला असा येऊन चिकटला की मधे काडेपेटीची काडी शिरेना. भाकरी थापताना तिचा हात वल्ह्यासारखा दिसायचा. सुदामकाका, म्हणजे तिचा नवरा, याची समजूत काढायची तऱ्हाच वेगळी. "अगे, नऊ बोटं चालतात ना? आणि कागदावर उठवायला सरकार डावाच अंगठा मागतं!"

पण काकीचं पोट, नाव आणि तोरा, तिन्ही त्या उजव्या अंगठ्यावर होती. ती कलमं बांधायची.

बोर्डीच्या रस्त्याला परेशभाईंची नर्सरी आहे. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून इको गाडीत कोंबून घ्यायचं नि तिकडे उतरायचं, असं काकी पंचवीस वर्षं करत आली. तिथे चिकूची भेटकलमं होतात. ज्यांना माहीत नाही त्यांना काकीच्याच तोंडून सांगते, कारण तिच्याइतकं चांगलं ते कृषी अधिकाऱ्यालाही जमत नाही: "चिकू कशी हाय? माहेर न सोडणारी पोरगी. फांदी तोडून नेली की सुकली. मंग काय करायचं? सासरच उचलून तिच्या दारात न्यायचं!"

सासर म्हणजे पिशवीतलं रायणाचं, म्हणजे खिरणीचं, रोप. चिकूच्या झाडाभोवती बांबूचा माळा बांधतात, त्यावर या पिशव्या ठेवतात आणि चिकूची फांदी वाकवून रोपाजवळ आणतात. दोघांची साल एकाच मापानं सोलायची, ओल्याला ओलं भिडवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं गच्च आवळायचं. फांदी तोडायची नाही. ती अजून आईचंच पीत असते. दोन-अडीच महिन्यांनी जोड धरला की फांदीला आधी अर्धी खाच द्यायची आणि थोड्या दिवसांनी पुरतं तोडायचं. "एकदम तोडलं तर पोरगी घाबरते," असं काकीचं शास्त्र.

आणि सगळी मेख त्या पट्टीच्या शेवटच्या वेढ्यात. तिथे अंगठ्यानं टोक दाबून धरावं लागतं. अंगठाच उघडत नाही म्हटल्यावर दाबणार काय, कपाळ?

परेशभाई माणूस चांगला. त्यांनी काकीला काढलं नाही. हातात नळी दिली. "रखमीबेन, तू टेन्शन नको घेऊ. तू पानी घाल. आरामशी घाल. पन ती गाठ आता भूलून जायची, बराबर ने?" काकी "बराबर" म्हणाली आणि चार वर्षं दुसऱ्या बायांच्या गाठींकडे बघत पाणी घालत राहिली. त्यांची शंभरातली साठ-सत्तर कलमं धरायची. काकीची ब्याण्णव धरायची. हा आकडा ती देवाच्या नावासारखा घ्यायची, सकाळ-संध्याकाळ.

मग होळीच्या आधी सुदामकाका तलासरीच्या बाजारातून मिरच्या आणि एक पत्रक घेऊन आला. डहाणूतल्या एका दवाखान्यात मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिर. भाजलेले, कापलेले, आकसलेले अवयव, सगळे या.

आमच्या अंगणात ही बातमी फुटली तेव्हा शेजारचा हाल्या हजर होता. हाल्याला जगातलं सगळं माहीत असतं, फक्त थोडं चुकीचं.

"प्लास्टिकचा अंगठा बसवतात," हाल्या बोलला. "धाकटी डहाणूला बोटींना फायबर मारतात ना, तसं. कधी सडत नाही."

"आणि चुलीजवळ गेला तर?" काका.

"वितळंल! भाकरी तू थाप मंग."

"बाजारात पिशवी दिली तर दंड करतात," काका म्हणाला, "आणि हिला अख्खं प्लास्टिक लावून फिरवू? पकडतील ना!"

काकीनं पत्रकाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली. मला म्हणाली, "प्रगती, गुरुवारी तुझ्या कॉलेजला काय हाय?"

"केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल."

"मंग काही नाय. चल."

शिबिरात डॉक्टर दीप्ती होत्या. मुंबईच्या. बारीक चण, पांढरे बूट, आणि बोलणं असं की वाक्य सुरू व्हायच्या आधीच निम्मं संपलेलं. त्यांनी काकीचा हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "सो, रखमीताई!"

काकी उठली आणि तपासणीच्या टेबलावर आडवी झाली.

"अहो, झोपलात का?"

"तुम्हीच बोलल्या ना, सो."

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाणार होते, पण डॉक्टरीणबाई स्वतःच एवढ्या हसल्या की त्यांचं ते गळ्यातलं यंत्र हिंदकळलं. म्हणाल्या, "राहू दे, झोपाच. तसंही पोट बघायचंय मला."

"हात दुखतोय आणि पोट बघतात," काका माझ्या कानात पुटपुटला. "पत्रक चुकलं वाटतं."

आधी प्लास्टिकचा निकाल लागला. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक नसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो जुना शब्द आहे, त्याचा अर्थ घडवणं, आकार देणं. कुंभार मातीला देतो तसा. सगळं सामान पेशंटच्याच अंगातलं.

काकी आडवी पडल्या पडल्या म्हणाली, "म्हणजे माझ्या कलमाला प्लास्टिक लागतं आणि तुमच्या प्लास्टिकला लागत नाय!"

"कसलं कलम?"

"तुम्ही सांगा पहिलं."

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आकसलेली कातडी कापून अंगठा मोकळा करायचा. मोकळा केला की मधे खड्डा पडणार. त्यावर झाकण हवं. साधी पातळ कातडी काढून लावली तर ती पुन्हा आकसेल, शिवाय आत शिरा उघड्या पडतील. म्हणून जाड, चरबीसकट कातडी हवी, तिच्या रक्तासकट. ती जांघेच्या वर, पोटाच्या खालच्या कडेला असते. त्यांनी तिथली कातडी चिमटीत धरून पाहिली, सैल आहे का ते. "पण ती कातडी मी पूर्ण तोडणार नाही हं. तीन बाजूंनी सोडवणार, एका बाजूनं पोटाला तशीच ठेवणार. आणि तुमचा हात तिथे नेऊन तिला शिवणार. तीन आठवडे हात पोटालाच."

मग काकाचा आवाज वर चढला. "हात पोटाला शिवणार? बाई माझी हाय का गोधडी?"

काकी टेबलावर ताडकन उठून बसली. तिचे डोळे असे झाले होते जसे लॉटरी लागलेल्या माणसाचे होत असतील. मी कुणाला लागलेली पाहिली नाही, पण असेच होत असतील.

"भेटकलम!" काकी ओरडली. "अगे बाय, हे तर भेटकलम!"

"काय?"

"पोट म्हणजे चिकू. हात म्हणजे रायण. फांदी आईचं पीत राहते, तोवर इकडे जोड धरतो, मंग तिकडून तोडायची! खरं ना? तीन आठवडे पोटाचं रक्त पिणार, मंग हाताचं प्यायला लागणार! खरं ना?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "रखमीताई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला घाई नव्हती, "मी हे शिकायला आठ वर्षं घालवली."

"मला एक हंगाम लागला," काकी म्हणाली. "तुमची शंभरात किती धरतात?"

सुदामकाकानं कपाळावर हात मारला. पण डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "अशी? पंच्याण्णवच्या आसपास."

काकीनं मनात वजाबाकी केली. ब्याण्णव आणि पंच्याण्णव. "चालंल," ती म्हणाली. जशी तीच दवाखान्यात डॉक्टर नेमत होती.

आता या दोघी एकाच धंद्यातल्या झाल्या होत्या आणि आम्ही दोघं गिऱ्हाईक. काकीनं एकेक विचारायला सुरुवात केली. अंगठा आधीसारखा होईल?

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटलं त्या काहीतरी गोड बोलतील, पण नाही म्हणजे नाही. "उघडेल. धरेल. काम करेल. पण देवानं दिलेला तो तो होता, मी देईन तो हा असेल. वर कातडी जाड दिसेल, उशीसारखी फुगीर. पुढे हवी तर एक छोटी शस्त्रक्रिया करून पातळ करता येते. तिथे स्पर्श नीट कळणार नाही, थोडाफार परत येतो पण वर्ष-दीड वर्ष लागतं. रंग वेगळा राहील. व्रण जात नाहीत, ताई. हातावर राहील, पोटावरही राहील. आणि हसू नका, पण तुमचं वजन वाढलं तर हातही जाड होईल, कारण ती चरबी पोटाची आहे."

"भाकरीगणिक अंगठा फुगणार," काका म्हणाला.

"कधीकधी धरत नाही. शंभरातली ती पाच. मग पुन्हा वेगळं काहीतरी करावं लागतं. आणि धरलं तरी माझं काम निम्मंच. उरलेलं निम्मं तुमचा व्यायाम. तो केला नाही तर पुन्हा आकसेल."

"करीन."

"आणि मिश्री बंद. आजपासून. एक महिना आधी आणि पूर्ण बरं होईपर्यंत. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. कलम मरतं."

काकीचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा पडला. हात शिवा, पोट कापा, पण मिश्री? "आणि ताडी?" काकानं घाईनं विचारलं.

"ती पण नको."

"मी माझं विचारतो."

"तुम्ही शिवणार आहात का पोटाला?"

"नाय."

"मग तुम्ही तुमच्या बायकोला विचारा."

तो महिना आमच्या घराचा वेगळा इतिहास आहे. काकी सकाळी कोळशानं दात घासायची आणि सगळ्यांवर खेकसायची. हाल्या कुंपणापलीकडे मुद्दाम मिश्री लावत उभा राहायचा आणि "ह्म्म्म" असा आवाज काढायचा, म्हैस पाण्यात बसते तसा. चौथ्या दिवशी काकीनं त्याच्यावर शेणाचा गोळा मारला. डाव्या हातानं. लागला. पण मिश्रीला ती शिवली नाही.

शस्त्रक्रिया झाली. काकी शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात कमरेला, पट्ट्यांच्या गाठोड्यात, अंगठा उघडा राहावा म्हणून आतून बारीक तार. पोटाकडून हाताकडे कातडीची एक गुंडाळी, बोटाएवढ्या जाडीची, जिवंत, कोमट. नर्स जयमाला सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन त्या कातडीवर बोट टेकवायच्या. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. "किती वेळात गुलाबी होतं तेच आम्ही बघतो," त्या म्हणायच्या. जयमाला सिस्टर पावट्यासारख्या गोल, पण आवाज मात्र शाळेच्या घंटेचा.

आणि चौथ्या दिवशी, रविवारी, ते झालं.

मी डबा घेऊन गेले होते, काका खाटेशी बसला होता. जेवताना काकी उशीवर सरकली आणि बाहेरची पट्टी सैल पडली. काकीनं मान खाली घालून पाहिलं. पंचवीस वर्षांचा डोळा तो. जोड हलतोय असं तिला दिसलं. सैल कलम म्हणजे मेलेलं कलम, हे तिच्या हाडात.

"सिस्टरना बोलवू?" मी म्हटलं.

"ती जेवायला गेली. तोवर वारा शिरंल आत. अहो, माझं जुनं लुगडं आणा पिशवीतलं. फाडा एक पट्टी. हां. आता वेढा द्या. खालून. गच्च. अजून गच्च! तुम्ही काय मुंडावळ्या बांधता का? आवळा!"

काकानं आवळलं. काकीनं शिकवलेली कलमाची गाठ मारली, त्याच्या आयुष्यातली पहिली, आणि ती उत्तम बसली. काकी समाधानानं मागे टेकली. "आता धरंल," म्हणाली.

अर्ध्या तासानं कातडीचं टोक जांभळं झालं होतं. जांभळं म्हणजे खरंच पिकल्या जांभळासारखं. मी पाहिलं, काकानं पाहिलं, आणि काकीनं पाहिलं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "पान काळं पडलं."

मी धावले. जयमाला सिस्टर तोंडात घास घेऊनच आल्या. त्यांनी लुगड्याची पट्टी पाहिली आणि घंटा वाजली. "ए! हे कोणी बांधलं? कोणी बांधलं हे, विचारते मी!"

"मी," काका म्हणाला.

"मी सांगितलं," काकी म्हणाली.

"माझा डबा," मी म्हटलं, कारण सिस्टरनी कात्रीसाठी तो खाली लोटला होता.

कचकन पट्टी कापली. आतली बांधणी मोकळी केली, कोपराखाली उशी दिली, गुंडाळीला पीळ पडला होता तो काढला. एका हातानं फोन. पलीकडून डॉक्टरीणबाई भराभर बोलत होत्या, सिस्टर "हो मॅडम, हो मॅडम, लुगडं मॅडम" म्हणत होत्या. मग बोट टेकवलं. दाबलं. सोडलं. आम्ही तिघं त्या नखाएवढ्या जागेकडे असे बघत होतो जसं निकालाच्या दिवशी वेबसाइटकडे बघतात. फिरतंय, फिरतंय, उघडत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "साडेचारपर्यंत रंग नाही बदलला तर मॅडमना यावं लागेल. पुन्हा आत घ्यावं लागेल."

काकी रडली नाही. ती छताकडे बघत राहिली आणि हळू म्हणाली, "पंचवीस वर्षांत माझी गाठ चुकली नव्हती."

"गाठ चुकली नाय," काका म्हणाला. "गाठ एकदम बरोबर बसली. तेच चुकलं."

चारच्या चहाच्या वेळी टोकाचा जांभळा रंग फिका झाला. साडेचारला गुलाबी. सिस्टरनी बोट टेकवलं, सोडलं, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते नर्सचं नव्हतं, क्रिकेट बघणाऱ्या पोराचं होतं. "आला! आला रंग!" शेजारच्या खाटेवरची भाजलेली बाई टाळ्या वाजवायला गेली आणि तिच्याच पट्ट्या दुखल्या. काका बाहेर गेला, परत आला, पुन्हा बाहेर गेला. त्याला कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या आणि खाटेवर बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुमच्या झाडाला लाकूड असतं. गच्च आवळलं तरी रस आतून चढतो. इथे नळ्या मऊ असतात, रबरासारख्या. आत येणारं रक्त जोरात येतं, ते घुसतं. पण परत जाणाऱ्या रक्ताला जोर नसतो, ते आवळलं की अडकतं. कातडी जांभळी होते आणि गुदमरते. झाडाचं कलम गच्च, माणसाचं सैल."

काकीनं ते ऐकलं आणि दोनदा पुटपुटली. "झाडाचं गच्च, माणसाचं सैल." मग म्हणाली, "हे तुम्ही पहिलं सांगायचं होतं."

"मला काय माहीत, तुम्ही लुगडं घेऊन याल!"

तीन आठवडे भरत आले. तोडायचा दिवस ठरला तशी काकी अस्वस्थ. डॉक्टरीणबाई आल्या की तिनं पहिलंच फर्मान सोडलं. "एकदम नाय तोडायचं. आधी अर्धी खाच. नायतर पोरगी घाबरते."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण डॉक्टरीणबाईंनी खिशातून एक रबरी नळी काढून दाखवली. त्या नळीनं पोटाकडची बाजू रोज थोडा वेळ बांधायची, आधी दहा मिनिटं, मग वीस, मग तास. कातडीला हाताचं रक्त प्यायची सवय लागते का ते बघायचं. "आमची अर्धी खाच," त्या म्हणाल्या. काकी त्या नळीकडे बघून जे हसली ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

तोडलं. पोट पोटाकडे, हात हाताकडे. आणि तीन आठवडे वाकून बसलेला खांदा सरळ करताना काकीनं जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत. मला सगळे येतात, पण लिहिता येत नाहीत.

अंगठ्याच्या मुळाशी एक गुबगुबीत, गोरी गादी आली होती. "पोटातलं बाळ हातावर आलं," हाल्या म्हणाला. तार निघाली आणि मग अंगठा पुन्हा मिटू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक पाचर दिली, अंगठा आणि बोटाच्या मधे घालायची, दिवसा नि झोपताना. गरम पाण्यात मऊ करून हाताच्या मापानं वळवलेली. हाल्यानं ती वाजवून पाहिली, टक टक, आणि अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "प्लास्टिक! मी बोललो नव्हतो? शेवटी प्लास्टिकच!"

व्यायाम सुरू झाला. कागदावरची चित्रं बघून काकीला झेपेना, म्हणून तिनं स्वतःचं माप काढलं. पहिल्यांदा अंगठा आणि बोटात रायणाचं फळ धरायचं. ते जमायला तीन आठवडे. मग लिंबू. लिंबू पडायचं, घरंगळत हाल्याच्या कुंपणाखाली जायचं, तो ते परत द्यायचा नाही. तीस-चाळीस लिंबांचं हाल्यानं लोणचं घातलं असेल. मग बारका चिकू. दुखायचं. काकी कण्हायची, शिव्या घालायची, पुन्हा धरायची. गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं कालीपत्ती चिकू, चांगला थोरला, एका हातात अंगठ्यानं धरून उचलला आणि काकाच्या तोंडासमोर नेला. "खा."

काकानं चावला. "कच्चा हाय."

"धरलाय ना?"

"धरलाय."

हंगाम लागला. परेशभाईंनी नळी काढून घेतली नाही, पण माळ्यावर अकरा पिशव्या वेगळ्या ठेवल्या. "रखमीबेन, ट्राय कर. नाय झाला तर नाय झाला. जबरजस्ती नाय ने."

मीही त्या दिवशी काकीबरोबर गेले होते. सगळ्या बाया काम सोडून बघत होत्या, न बघितल्यासारखं करून. काकीनं साल सोलली. हात तोच, चाकू तोच. ओल्याला ओलं भिडवलं. पट्टी घेतली. वेढा, वेढा, वेढा. शेवटच्या वेढ्याला अंगठा टोकावर दाबला, आणि थांबली.

"काय झाला?" परेशभाई.

"कळत नाय," काकी म्हणाली. "गच्च हाय का सैल, कळत नाय. गादीला काय लागत नाय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, स्पर्श कमी राहील म्हणून. पण सांगितलेलं आणि पट्टीवर आलेलं यात फरक असतो. काकी माळ्यावर तशीच उभी राहिली. मला वाटलं, संपलं. मग तिनं मान तिरकी केली. पट्टी पुन्हा ओढली, हळूहळू. प्लास्टिक ताणलं जाताना आधी "सुईं" करतं, अजून ताणलं की "कुंईं", आणि पुरतं गच्च झालं की बारीक "किच्च". हे पंचवीस वर्षं तिच्या कानाशी होत होतं, फक्त तेव्हा तिला कानाची गरज नव्हती.

"किच्च," पट्टी म्हणाली. काकीनं गाठ मारली.

पहिल्या कलमाला पाव तास लागला. शेवटच्याला पाच मिनिटं. इकोमधे परत येताना काकी सारखी माझ्याकडून आवाज काढून घेत होती. सुईं. कुंईं. किच्च. ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून टायर बघितले.

अडीच महिने ती माळ्याकडे रोज बघायची पण हात लावायची नाही. मग अर्धी खाच. मग पुरतं तोडणं. आणि मग आठ दिवस पानं उभी राहतात का ते. परेशभाई रोज सकाळी मोजायचे आणि काकीला सांगायचे नाहीत, आणि काकी स्वतः मोजायची आणि परेशभाईंना सांगायची नाही. नवव्या दिवशी त्यांनी तिच्या हातातली पाण्याची नळी घेऊन दुसऱ्या बाईला दिली. "सोमवारपासून शंभर पिशव्या, रखमीबेन. जागा बदली नको करू, तुझ्या जुन्या झाडाखाली."

त्याच संध्याकाळी काकीनं माझ्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना लावलं. स्पीकर, अंगणात, हाल्यासकट सगळे.

"सो, रखमीताई!" पलीकडून.

"नाय झोपत," काकी म्हणाली. "कलमं मोजली. अकरातली दहा धरली."

पलीकडे एक किंचाळी. मुंबईची डॉक्टर, पांढरे बूट, आणि अशी किंचाळी! मग विचारलं, "आणि अकरावं?"

काकीनं इकडेतिकडे बघितलं, जशा जयमाला सिस्टर आमच्याच अंगणात उभ्या असाव्यात.

"ते तुमच्या सिस्टरच्या भीतीनं सैल बांधलं."